तीन भोकांपुरता माणूस

दादा,

खट्! साठ वर्षांपूर्वी वर्गात कविता म्हणताना मी हात उंचावला आणि खांदा निखळला, तो आवाज अजून आठवतो. मग तुला चाळाच लागला. मित्र जमवून म्हणायचास, "धाकट्या, दाखव रे खांदा काढून!" तुझ्या एका शाबासकीसाठी मी दाखवायचो आणि रडू गिळायचो. आता फळीवरचं पुस्तक काढतानाही खांदा निखळतो.

उद्या दुर्बिणीतून ऑपरेशन आहे. जवळचं माणूस सोबत नसेल तर दाखल करून घेत नाहीत, म्हणून काल तुला फोन केला. तू हसलास. "तीन भोकं तर पाडणार! कान टोचायला फौज लागते का?"

डॉक्टरांनी विचारलं होतं, "खांदा इतका सैल कशानं झाला?" मी म्हटलं, "कविता म्हणून म्हणून." तुला वाचवायला मी माझ्या कवितेवर आळ घेतला, दादा. ते मात्र मला

दार वाजलं म्हणून उठलो. दारात वहिनी, हातात कपड्यांची पिशवी.

"भावजी, उद्या सही मी करते. ह्यांना सांगून आलेय, चार दिवस आपला चहा आपण करा."

त्या आत हातपाय धुताहेत. हे पत्र आता पाठवत नाही.

धाकटा