पाजायची उशी

केळापूर,
१७ नोव्हेंबर २००६

ती. विशाखाताईस,
मैत्रेयीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पोरगी कोणावर गेली हे तू फोनवर सारखं विचारत होतीस. तर ऐक. रंग सावळा, नाक आपल्या आईचं अन् राग थेट तुझा. भूक लागली की सारं केळापूर जागं करते.

फोनवर याहून जास्त बोलता आलं नाही. फोन शेजारच्या विठ्ठलरावांच्या ओसरीवर आहे अन् तिथे वावरातून आलेल्या बाया बसल्या होत्या. असल्या गोष्टी त्यांच्यासमोर कशा बोलू? म्हणून लिहून राह्यले.

ताई, पोरीला पाजणं मला जमून नाही राह्यलं. दूध भरपूर आहे, हात कमी पडते. पोलिओनंतर माझ्या डाव्या हातात जोर राहिला नाही, तरी एका हातावर शाळा झाली, स्वयंपाक झाला, शिवणयंत्रही चालवलं. पण एवढ्याशा बाळाला एका हातानं धरावं लागते अन् दुसऱ्या हातानं त्याच्या तोंडात द्यावं लागते. उजव्या बाजूला कोपरात घेऊन कसंतरी भागते. डाव्या बाजूला काहीच जमत नाही. त्या कुशीवर आडवं होऊन पाहिलं तर हात दबून बधिर होतो. ती बाजू आता दगडासारखी झाली आहे. कालपासून अंगात कणकण आहे.

सासूबाई मनाच्या वाईट नाहीत. पोर माझ्या मांडीवरून पडेल या धास्तीनं त्यांना झोप नाही. त्यांनी बाटली आणून, उकळून फळीवर ठेवली आहे. रोज म्हणतात, एकदा लावून तर पाहा. मी अजून तिला हात लावला नाही, लावणारही नाही.

तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं बाळंतपणात चंद्रकोरीसारखी उशी वापरली असं तू मागे सांगितलं होतंस. कमरेभोवती ठेवायची अन् बाळ तिच्यावर. ती खरंच कामाची आहे, की नुसती शहरातली हौस? नीट पाहून खरं ते कळव. कामाची असली तर घेऊ, नसली तर मी दुसरी वाट काढते.

आई असती तर तिला विचारलं असतं. आता तूच आहेस. धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मैत्रेयी


पुणे,
२३ नोव्हेंबर २००६

चि. सौ. मैत्रेयीस,
ताईचा जयभीम आणि तुम्हा मायलेकींना आशीर्वाद. वि. वि.

आधी तुझ्या कणकणीचं. हे पत्र वाचून झालं की रोशनरावांना घेऊन पांढरकवड्याच्या दवाखान्यात जा. लाजून घरी बसू नकोस. त्या बाजूचं दूध साठू द्यायचं नाही. पोरगी पीत नसेल तर गरम फडक्यानं शेकून हातानं काढ. हे मला माझ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, तेच तुला बजावते.

आता उशीचं. काल संध्याकाळी दुकानात गेले. तिथली बाई कापड किती मऊ, चित्रं किती सुंदर, हेच सांगत बसली. मी म्हटलं, बाई, बाळाएवढी एक बाहुली द्या. मग माझा डावा हात ओढणीनं कमरेला बांधला, खुर्चीत बसले आणि एका हातानं करून पाहिलं. सगळं दुकान बघत होतं. तुझे भाऊजी तर पाळण्यांच्या मागे जाऊन उभे राहिले!

पहिली उशी इतकी मऊ की बाहुली घरंगळून खाली गेली. दुसरी जरा टणक होती, तिला कमरेला बांधायचा पट्टा होता. तिच्यावर बाहुली राहिली आणि माझा उजवा हात मोकळा झाला. पण बाहुली पाय झाडत नाही, भुकेनं रडत नाही. म्हणून घेतली नाही. काम होत नसेल तर ती वस्तू घरात फक्त तुला खिजवत पडेल, ते मला नको.

माझ्या त्या मैत्रिणीची जुनी उशी धुऊन घेतली आहे. तिला पट्टा नाही, पण अंदाज येईल. ऑफिसातले इंद्रजित तुमच्याच बाजूला गावाकडे निघाले आहेत, ते आणून देतील. आधी वापरून पाहा. मग घ्यायची की नाही ते तूच ठरव. मी इथे बसून ठरवणार नाही.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेव. पिऊन झालं की पोरीला लगेच उचलायचं. उशीवर झोपू द्यायचं नाही, आणि तूही डुलक्या काढायच्या नाहीत.

सासूबाईंवर चिडू नकोस. भीती त्यांचीही खरी आहे. इकडची काळजी तिकडे पोचत असेलच.

तुझी,
विशाखाताई


केळापूर,
१२ डिसेंबर २००६

चि. सौ. विशाखाबाईस,
मथुराबाईचा जयभीम. पत्र रोशन लिहून राह्यला, बोल माहे हायेत.

बाई, तुमची उशी आली. पायताच मी म्हटलं, हे त घोड्याचं खोगीर हाय. मैत्रेयीनं कमरेले लावलं, पोरीले ठेवलं, अन् पोरगी पोट अन् उशीच्या मधातल्या फटीत सरकली. मी वरडलीच. पोरीले उचललं, उशी हिसकली अन् पुढच्या खोलीत कापसाच्या ढिगावर फेकून देल्ली. औंदा कापसाले भाव नाही, म्हणून अर्धं घर कापसानंच भरून हाय.

मैत्रेयी उठली. ओली बाळंतीण त्या ढिगावर चढली अन् उशी घेऊन आली. आंगाले, केसाले कापूस चिकटलेला. भिंतीले टेकून बसली अन् म्हणे, आई, भेव वाटते त खाली हात धरून बसा, पण मधात येऊ नका.

मंग मी बसली. दोन्ही हात उशीच्या खाली, उशीले लावाचे मात्र नाही. हाताले कळ आली, तरी हालली नाही. तिनं माह्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून उशी कमरेले आवळून बांधली, फट बुजवली. डाव्या आंगानं उशी दबे, तिथं वाकळीची घडी सारली. पोरगी रडे, तोंड फिरवे. मायलेकी दोघी घामानं भिजल्या. मी म्हटलं, आज राहू दे. मैत्रेयी म्हणे, नाही.

दुसऱ्या दिवशी बी तसंच. तिसऱ्या दिवशी पोरीनं डाव्या आंगाले जे धरलं, ते सोडाले तयार नाही. घोट घेतल्याचा आवाज मले आयकू आला. मैत्रेयी हासत बी होती अन् रडत बी होती. म्या पदरानं आधी तिचं तोंड पुसलं, मंग माहं.

खरं सांगू त, त्याच्या मधात म्या बी एक उशी शिवली होती. घरचाच कापूस, कायले कमी भराचा? ठासून भरला. गोट्यावाणी झाली. पोरगी तिच्यावर टिकेच ना. आता रोशन तिच्यावर झोपते अन् सकाळी मान धरून बसते. (हे लिहिताना मान दुखून राह्यली, ताई. – रोशन)

बाटली म्या फळीवरून काढून टाकली. मैत्रेयीले दवाखान्यात नेलं होतं, ताप उतरला. तुमच्या मैतरणीले सांगा, उशी थोडी उशिरा भेटंन. तुम्ही या. तुमच्या बहिणीचं घर हाय, बलावण्याची वाट पाहू नका.

मथुराबाई


केळापूर,
९ जानेवारी २००७

ती. विशाखाताईस,
मैत्रेयीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझी भाची आता गालानं भरली आहे. दोन्ही बाजूंनी पिते अन् पिताना माझं मंगळसूत्र ओढते.

उशीचं ठरवलं. घ्यायची. पट्ट्याची, टणक, खोळ काढून धुता येईल अशी. तुझ्या मैत्रिणीची उशी परत पाठवते. तिच्या भावजयीला लागणार आहे असं तू लिहिलंस, तर आता ठेवून घेणं बरं नाही.

रोशन म्हणत होते, थोड्या दिवसांत पोरगी मान धरेल, बसायला लागेल, मग तोवरच्यासाठी नवी काहून घ्यायची? मी म्हटलं, तोवरचंच तर कठीण आहे. दोन हात धड असणाऱ्या बाईनं वाकळीवर भागवावं, तिला मी उशी घे म्हणणार नाही. मला मात्र ती लागते, अन् लागते हे सांगताना मला लाज वाटत नाही. त्यावर ते म्हणाले, पट्टा लांब पाहून घ्यायला सांग.

काल लसीकरणाला अंगणवाडीत गेलो. आम्ही दोघी सासू-सुना अन् पोरगी. उशी मी सोबतच घेतली होती. सुई टोचल्यावर पोरीनं आकांत मांडला. मी भिंतीशी बसून उशीची पट्टी कमरेला बांधायला लागले, तर बाया सगळं सोडून माझ्या हाताकडे पाहायला लागल्या. एक म्हातारी सासूबाईंना मोठ्यानं म्हणाली की, मथुरा, पोर तू घे, हिला कसं जमणार, देवानं हिचा हातच असा केला. सासूबाई पुढे आल्या. मला वाटलं, आता पोरीला घेतात. त्यांनी घेतलं नाही. त्या बायांकडे वळून म्हणाल्या की, पोर तिची हाय, पाजणारी ते हाय, तुमाले काही कराचंच असंन त जरा सरकून बसा, तिले मांडी घालाले जागा द्या.

बाया सरकल्या. मी मांडी घातली, पदर घेतला अन् पोरीला डावीकडे लावलं.

भाऊजींना जयभीम सांग. या धाकटीची आठवण ठेव अन् पत्र पाठवत राहा.

तुझी,
मैत्रेयी