डिस्कवरचा तांबूस थर

६ जुलै, रविवार
गाडीच्या पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्कवर तांबूस थर. वरवरचा गंज. दमट हवेत उभ्या गाडीला येतो, चार वेळा ब्रेक मारला की जातो. तरी कारणाचा अभ्यास झाल्याशिवाय गाडी बाहेर काढणं योग्य नाही. मी धातुशास्त्र शिकलेय. ही भीती नव्हे. मागच्या महिन्यात डोंबिवलीच्या चौकात गाडी तीनदा बंद पडली आणि मागचा रिक्षावाला जे बोलला, त्याचा याच्याशी संबंध नाही.

२४ ऑगस्टला क्षिप्राताईला बाळंतपणासाठी घोडबंदर रोडहून घरी आणायचंय. कॅब नको, माहेरची माणसं न्यायला आली पाहिजेत, असं आईचं म्हणणं. "मी आणते," असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलेय. भरपूर वेळ आहे.

१३ जुलै, रविवार
पाऊस. पार्किंगमध्येच गाडीत बसून सराव केला. इंजिन बंद, हँडब्रेक वर. स्टीअरिंगवर पकड उत्तम. आई खाली येऊन विचारून गेली, "चहा इथेच आणू का?"

२० जुलै, रविवार
थर वाढला. आई म्हणाली, "अगं, तवा रोज वापरात असला की गंजतो का? चालव ना जरा." तवा आणि डिस्क यांतला फरक समजावला. बाबांची फियाट ती स्वतः कशी चालवायची ते तिने पुन्हा सांगितलं. लायसन्स अजून रिन्यू करून ठेवते. कशाला, कोण जाणे.

२६ जुलै, शनिवार
आईने डिस्कला तेल लावलं. शेंगदाण्याचं. तवा घासून ठेवताना लावते तसं, चाकाच्या फटींतून कापसाच्या बोळ्याने. ब्रेकला! मी ओरडले. ती म्हणाली, "चुकलं बाई. पण गाडी कुठे जाणार होती म्हणून एवढी घाबरतेस?"

गॅरेजवाल्याला बोलावून डिस्क साफ करून घेतल्या, पॅड नवे बसवले. नव्या पॅडना रुळायला वेळ द्यावा. (ते गाडी चालवल्यावरच रुळतात. तरीही.)

२ ऑगस्ट, शनिवार
कायमचा उपाय सापडला. चारही चाकांपाशी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टांगल्या. वर कव्हर. आता फक्त निरीक्षण.

७ ऑगस्ट, गुरुवार
यश! ऑफिसमधून आल्या आल्या पाहिलं. दोन्ही डिस्क आरशासारख्या. आईला दाखवलं. "तुझ्या पुड्यांना गुण आला हो," म्हणाली. कव्हर उलटं घातलेलं होतं. वारा असणार.

१३ ऑगस्ट, बुधवार
डिस्क अजून लखलखीत. ड्रायव्हरची सीट मात्र पुढे सरकलेली, रेडिओवर नाट्यसंगीत. आई म्हणाली, "आतून पुसून घेतली गं." हल्ली रोज दुपारी देवळात जाते. तब्येतीला मानवलेलं दिसतंय.

२३ ऑगस्ट, शनिवार
उद्या. गंज शून्य. पण पुड्या काढल्यावर तो परत येतो का, हे तपासलेलं नाही. असा धोका ताईच्या बाबतीत पत्करू नये. तिला फोन करून म्हटलं, आठवडाभर पुढे ढकलू या. ती म्हणाली, "उत्तू, तू नाही आलीस तरी चालेल. पण न्यायला कोणीतरी या गं." फोन आईने घेतला आणि दार लावून बोलली.

२४ ऑगस्ट, रविवार
सकाळी आई पंजाबी ड्रेस आणि बूट घालून तयार. चावी तिच्या हातात. तीन आठवडे रोज दुपारी ड्रायव्हिंग क्लासच्या रचनाताईंना शेजारी बसवून माझ्याच गाडीवर हात साफ करत होती. म्हणजे थर ब्रेक मारल्याने गेला. पुड्यांचा वाटा अगदीच नाकारता येत नाही.

जाताना मी पुढे, आईच्या शेजारी. उजवा पाय दुखतोय. माझ्या बाजूला ब्रेक नव्हता, तरी घोडबंदर रोडपर्यंत मी तो दाबत होते.

गाडी दारात पाहून ताई रडली. आईने तिची ओटी भरली, तिला पुढे बसवलं आणि मला म्हणाली, "येताना तू चालवतेस?" डिस्क तपासल्या. स्वच्छ. मी लक्षात आणून दिलं की मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आतला गंज बाहेरून दिसत नाही.

ताई म्हणाली, "मग तू मागेच बस. आवाज येतोय का ते ऐक."

डोंबिवलीपर्यंत कान देऊन ऐकलं. आला नाही. पण एवढ्या ट्रॅफिकमध्ये निष्कर्ष काढणं बरोबर नाही.