चढाई म्हणजे डोंगर नव्हे

मी, जया पांडुरंग साळसकर, वय एकाहत्तर, चौथी पास, सध्या मुलाकडे सिंगापुरात पुंगोलला, हे स्वतःच्या हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्यांनी आणून पाहिला त्यांना विचारा.

१. कल्याणची खोली मुलगा धवल याला मिळावी, पण कलम तीन पाळलं तरच.

२. बांगड्या नात श्रियाला. बिडाचा तवा सून उत्कर्षाला. "तिच्यावर तुझा संशय नाही असंही लिही," असं धवल म्हणाला. तो असं का म्हणाला, याचाच मला संशय आहे.

३. आता मुद्द्याचं. मी कबड्डीची चढाईपटू होते. मुंबईच्या एका कापड कंपनीने मला खेळण्यासाठीच नोकरीला ठेवलं होतं. एका दमात समोरच्यांच्या अंगणात शिरायचं, दोघी-तिघींना शिवायचं, आणि घोटा धरला तरी स्वतःला ओढत मध्यरेषेला हात लावायचा. राज्याच्या संघातून खेळले. उत्कृष्ट चढाईपटूचा चषक दोनदा घेतला.

मागल्या वर्षी इथल्या मराठी लोकांच्या 'सांजमेळा' गटाने एका हॉलमध्ये माझा सत्कार केला. पाहुण्यांसाठी माझी माहिती धवलने फोनकडून इंग्रजीत करून घेतली. "चढाईत राज्यात पहिली" याचं फोनने डोंगर चढणं केलं. गटाचे अध्यक्ष पद्माकर भावे यांनी ते तसंच वाचलं आणि मला काचेचा डोंगर दिला. मी धवलकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवत होता, कारण शेजारी त्याच्या साहेबाची बायको वाजवत होती.

घरी आल्यावर म्हणाला, "आई, जाऊ दे ना. तोही खेळच आहे."

"मग बापही बदलून घे. तोही माणूसच असेल."

श्रिया इथल्या सिंगापुरी धाटणीत म्हणाली, "आजी, माउंटन इज मोअर कूल, लाह." ती लहान आहे, तिला माफ.

धवलने अजून कोणाला खरं सांगितलेलं नाही. कामावर नेणाऱ्या जुरोंग आयलंडच्या कंपनी बसमध्येही तो माझे डोंगर सांगतो, असा संशय आहे. मी गेल्यावर निधनाच्या बातमीत 'गिर्यारोहक' छापून मोकळा होईल. तरी त्याने त्याच हॉलमध्ये, साहेबाच्या त्याच बायकोसमोर, माझा खेळ कोणता ते मराठीत आणि इंग्रजीत सांगावं. तोवर खोली नाही.

४. पदकं आणि चषक शेजारच्या शैला मोघे यांच्याकडे ठेवले आहेत. घरी ठेवले असते तर कोणीतरी ते काचेच्या डोंगराशेजारी मांडले असते. धवलने अट पुरी केल्यावर ते श्रियाला द्यावेत. काचेचा डोंगर धवलला, त्याला कसलीही अट नाही.

५. साक्षीला पद्माकर भावे यांना मुद्दाम बोलावलं आहे. यावर ते न वाचताच सही करतील असा संशय असल्यामुळे, वाचल्याची खूण म्हणून सहीशेजारी त्यांनी माझ्या खेळाचं नाव स्वतः लिहावं.

सही: जया पांडुरंग साळसकर
ठिकाण: पुंगोल, सिंगापूर
तारीख: १४ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
शैला मोघे
पद्माकर भावे. कबड्डी. वहिनी, क्षमा असावी. तुमच्या पश्चात मी स्वतः जाहीर दुरुस्ती करीन.

पश्चात नको. येत्या रविवारी करा. — जया