आठ नंबरच्या पारडीची भूक

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी तूर्त चारच अंगांचा). तुझे गुडघे काय म्हणतात? आतोबांना खरंच ऐकू येत नाही, की अजून तेच सोंग?

आम्ही इकडे मजेत, म्हणजे जनावरं मजेत. आमच्या केंद्रात चार महिने एक मोठा प्रयोग चालू होता. दहा वासरं गाईची, दहा पारडं म्हशींची. सगळ्यांना मोजून तोच कडबा, तीच पेंड. दर सोमवारी उपाशीपोटी वजन. कोण जास्त वाढतं ते बघायचं. (एवढ्यासाठी इथे दोन डॉक्टर, एक वजनकाटा आणि मी लागतो. तुझी सासू हे काम ओसरीवर बसून नुसत्या नजरेनं उरकायची.) प्रयोगातून बाद झालेलं पारडू शुक्रवारी खाटकाकडे जातं, हा इथला नियम.

जनावरं बांधायची आणि वजनं लिहायची, हे काम माझं. त्यातली आठ नंबरची पारडी, जिला सगळे बाईसाहेब म्हणतात, मला बघितलं की रेकायची. घरी माझ्या येण्याची कुणी एवढी दखल घेत नाही, त्यामुळे मी विरघळलो. दाव्यानं तिची मान आवळतेय असं वाटून मी ते पहिल्याच आठवड्यात हातभर सैल सोडलं. तेव्हापासून बाईसाहेब ज्या फुगायला लागल्या, त्या थांबेचनात. मोठे साहेब हरखले. "बघा, म्हैस निकस चाऱ्याचंही सोनं करते!" त्यांनी अठ्ठावीस पानी अहवाल लिहिला. आलेखात बाईसाहेबांची रेघ कागदाबाहेर पडायच्या बेतात होती. शेजारचं नऊ नंबरचं वासरू मात्र वाळत चाललं होतं. त्यावर वेगळी तीन पानं: गाईच्या वासरांची अंगभूत उदासीनता.

आमच्या डॉक्टरीणबाई संशयी. मागच्या आठवड्यात त्या भर दुपारी गोठ्यात खुर्ची टाकून बसल्या. त्यांच्यादेखत बाईसाहेबांनी स्वतःचा खुराक संपवला, मान लांबवली आणि शेजाऱ्याची गव्हाणही चाटूनपुसून साफ केली. वासरू लग्नघरातल्या गरीब नातेवाइकासारखं नुसतं बघत उभं.

त्यांनी मोठ्या साहेबांना बोलावून घेतलं आणि मला विचारलं, "हे दावं कुणी बांधलंय?"

"मी."

"कधीपासून असं?"

"सुरुवातीपासून."

साहेब मटकन खाली बसले. (कशावर, ते लिहीत नाही. गोठा होता एवढं लक्षात घे.)

अहवाल फाटला. वासराला स्वतःचं जेवण मिळायला लागलं, तसं या सोमवारी त्या 'अंगभूत उदासीन' स्वारीचं वजन सहा किलोंनी वाढलं. मला मेमो मिळाला. आणि बाईसाहेब, ज्यांचा गुन्हा एवढाच की समोर आलं ते खाल्लं, त्या बाद झाल्या.

बाकी सर्व क्षेम. तब्येतीला जप.

तुझा भाचा

ता. क. तुझा मागचा गोठा रिकामाच आहे ना? सहज विचारतो.

ता. क. २. सहज नाही विचारत. बाद जनावर कुणी पाळायला नेत असेल तर साहेब सोडतात, पण अर्जावर नेणाऱ्याची सही लागते. तुझी सही मी केली आहे. (तुझ्यापेक्षा वळणदार आली.) बाईसाहेब गुरुवारी टेम्पोनं निघतील.

ता. क. ३. हे पत्र पोचायला शनिवार उजाडेल. म्हणजे आत्ता तू मला शिव्या घालत तिच्यापुढे चाऱ्याची पाटी सरकवत असशील. शिव्या चालू राहू देत. पाटीही.