येताना दीड तास कमी

मंगळवार, दिवेलागण. कुंभारी.

दुपारी अश्विनीचा फोन. दिवाळीला येतीय पोरगी! न्यूयॉर्कहून मुंबई, थेट विमान. खूश व्हायचं सोडून मी एकाच गोष्टीवर अडकलोय. म्हणाली, "बाबा, जाताना सोळा तास लागले होते. येताना दीड तास कमी लागतो."

अंतर तेच. मग दीड तास गेला कुठं? जन्मभर ट्रक चालवला मी. जाताना सुरतेला चादरी, येताना इकडच्या बाजारातल्या दुकानांसाठी कापड. दोन्हीकडनं गाडी भरलेली, रस्ता तोच.

"वर वारं असतं बाबा. तिकडं येताना ते पाठीशी असतं."

असेल. पण पटंना. दुपारपासून तोच दीड तास बडबडत बसलो. शेवटी भाकरी थापता थापता बायको वैतागली, "त्यात काय एवढं? सुरतेहून घरी येताना तुमाला कधी जाण्याएवढा वेळ लागला व्हय?"

 म्हणजे घरच्या वाटेला मी गाडी दामटायचो, ते हिला कळत होतं की काय?

तेव्हा मी दर खेपेला सांगायचो, आज रस्ता मोकळा होता. पोरगी वारं म्हणतीय.