पंपाची खिट्टी

सोमवार, ९ मार्च
गाडी बंद! गुरुवारी हिला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं आणि आजच पिकअपने मान टाकली. गॅरेजवाला कान लावून गेला. "पेट्रोलचा पंप गेला. नवा देतो, पण मला या आठवड्यात उसंत नाही. तुम्हाला बसवता येईल?" मी हो म्हणालो. कशाला म्हणालो!

मुलाचा फोन. "बाबा, तो डबा भंगारात घाला. भाड्याची गाडी करा." हिने पलंगावरून ऐकलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून शब्द जड येतात, पण जीभ तीच — "परक्याच्या गाडीत... ओकले तर? मी... नाही जायची."

मंगळवार, १०
टाकी जॅकवर थोडी खाली घेतली. पंप वरच्या बाजूला, हात कसाबसा पोचतो. त्याच्या तारांचा कनेक्टर निघाला तरच पंप निघणार. आणि तो निघेना! वर्षानुवर्षांची माती आत बसून दगड झालीय. बॅटरीची तार काढली ना, ते पुन्हा पुन्हा उठून पाहिलं. ठिणगी उडाली तर आमचं दोघांचं एकदमच आटपेल.

ओढला, पिळला, शेवटी स्क्रूड्रायव्हर घातला. कनेक्टर अडकवून धरणाऱ्या खिट्टीचा तुकडा तुटून गालावर उडाला. असला कनेक्टर आता कुठे मिळत नाही म्हणे. तारांसकट उपटून आला तर?

घरात आलो तर हिने बाही धरली. उजवा हात. तो एकदा मिटला की उघडत नाही. एकेक बोट उचकटताना कळवळली बिचारी.

आज माझ्या हातून काहीच सुटत नाही.

बुधवार, ११
गॅरेजवाल्याकडे गेलो. हसला मेला. "आजोबा, ओढताय कशाला? ओढाल तेवढी खिट्टी आवळते. आधी आत ढकला. ताण गेला की दाबा. मग लेकरासारखा हातात येतो."

ब्रशने माती काढली, तेल सोडलं, आत ढकलला, दाबला — टक्! गाडीखाली एकटाच हसलो.

दुपारपर्यंत पंप बसला. अर्ध्या खिट्टीवर प्लास्टिकची पट्टी आवळली. किल्ली फिरवली आणि गाडी बोलली!

हिने परत बाही धरली. या वेळी बोटांना हात लावला नाही. मनगट अलगद आत वाकवलं. बोटं आपणहून सैल! ती बघतच राहिली. "अहो... मी काय... गाडी आहे?"

"गाडीची खिट्टी मोडली. तुझी शाबूत आहे," म्हणालो.

कितीतरी दिवसांनी हसली. ओठ जरा निळे दिसले. की मलाच तसं दिसतं? मला काय, सगळीकडे वाईटच दिसतं.

गुरुवार, १२
निघतोय. पट्टी परत ओढून पाहिली. घट्ट आहे. हिला पुढे बसवलंय, माझ्या शेजारी. "उशीर... तुमच्यामुळेच" — म्हणजे बरी आहे.

शुक्रवार, १३
गाडी कुठेच अडली नाही. ही वाटेतच गेली.

दवाखान्याच्या दारात माणसं आली. माझी डावी बाही हिच्या मुठीत. एकजण हळूच म्हणाला, "आजोबा, सोडवा आता."

कसं सोडवायचं ते मला येतं.

कात्री मागितली. बाही कापली.