अमर राहण्याचं गणित

१ जून, सकाळी ६
आजपासून मरायचं नाही. चहा बंद, साखर बंद, कारल्याचा रस सुरू. पस्तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, आता जरा स्वतःसाठी वापरू. म्हातारपण आणि आजार, दोन्ही विषय निकालात निघाले.

१ जून, दुपारी
एक लफडं आहे. आजार गेले तरी अपघात उरतात. वीज, वाघ, ट्रक. वर्षाला दहा हजारात एक एवढी प्रॉबॅबिलिटी धरली तरी अनंत वर्षांत कधीतरी नंबर लागणारच. उपाय सापडला! दरवर्षी धोका निम्मा करत जायचं. मग अनंतकाळ टिकण्याचा चान्स शाबूत राहतो. अख्ख्या वरोऱ्यात हे कुणाला सुचलं नसेल. बायकोला, चंदाला, समजावलं. तिनं शेंगा सोलायला दिल्या.

४ जून
स्कूटर विकायला काढली. चंदाची भुणभुण सुरू: दिव्यानीला आणा. पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी आणि आणायला बापानंच जायचं, हा आपला रिवाज. जावई हेमराज भामरागडला वनरक्षक. नदी पुलावर चढली की तिथला रस्ता बंद. पण बाळंतपणाची तारीख जुलैतली. टाइमच टाइम आहे.

९ जून
भामरागडची फेरी मोजली. कोळशाचे ट्रक, रानडुकरं, आलापल्लीपुढचं जंगल. एका फेरीत वर्षाच्या धोक्याचा कोटा खलास. दिव्यानीचा फोन. म्हणाली, "बाबा, कवा येता?" चांगला दिवस पाहून येतो म्हणालो.

१५ जून
चांगला दिवस होता. पण रविवार. रस्त्यावर गर्दी फार.

२१ जून
चंदा म्हणाली, लोक रोज जाऊन राह्यले ना तिकडं. मी म्हणालो, ते मरणारे लोक आहेत. ती म्हणाली, "बरं, तुमी अमर व्हा. पोरीले मीच आनीन." आणि एसटीनं गेलीसुद्धा. मी तत्त्वाला चिकटून आहे.

२४ जून
पूल बुडाला. चंदाही तिकडेच अडकली. माझा अंदाज अगदी बरोबर निघाला! ९ तारखेला गेलो असतो तर मी आणि दिव्यानी आरामात परतलो असतो, पण ते वेगळं उदाहरण.

३ जुलै
न्हाणीत घसरलो. कंबर गेली. सुरक्षेसाठी दाराला दोन कड्या लावल्या होत्या, त्या तोडून शेजारच्या रहीमभाई टेलरनी बाहेर काढलं. म्हणाले, "काऊन गुरुजी, घरातच?" अपवाद आहे. अपवादानं सिद्धांत मोडत नाही.

१७ जुलै, सकाळी १०
चंदाचा फोन. मुलगी झाली. दोघी सुखरूप. दिव्यानी दवाखान्याजवळच्या माहेरघरात होती. पुराच्या आधीच गरोदर बायका तिथं येऊन राहतात म्हणे. नातीचं रडणं ऐकवलं, मध्येच रेंज गेली. परत लागला तेव्हा म्हणालो, रस्ता उघडू दे, मी निघतोच. चंदानं दिव्यानीला विचारून सांगितलं, "ते म्हंते, बाबाले म्हना घाई नोका करू. त्याहीच्याजवळ लय टाइम हाये."
रागावलेली नव्हती. हसत होती म्हणे. ते जास्त लागलं.

१७ जुलै, दुपारी
पडल्या पडल्या पुन्हा मांडून पाहिलं. अनंत वर्षं धरली, धोका शून्य धरला. पोरीचं पहिलं बाळंतपण पुन्हा एकदाही येत नाही.